गन थुंकते तेव्हा आधी काय तपासावे

श्रावण लागला की लालबाग-परळच्या मूर्तिशाळांमध्ये एक तक्रार दिवसातून निदान दहा वेळा कानी पडते: “ताई, गन थुंकतेय.” एअरब्रशला आमच्याकडे सरसकट ‘गन’ म्हणतात, आणि ती थुंकते म्हणजे धुक्यासारखा सलग फवारा येण्याऐवजी मध्येच थेंब उडतात, मध्येच रंग बंद होतो, नाहीतर नुसती हवा येत राहते. कान, सोंड आणि पोटाच्या गोलाईवर गुलाबी-केशरी छटा देताना असा एक थेंब पडला, तर तो पुसून चालत नाही. खालचा अंगाचा रंगही उचलला जातो आणि तेवढा भाग पुन्हा बेसपासून करावा लागतो.

अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा नॉझलकडे, म्हणजे गनच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्राच्या तोटीकडे जातो. गन उघडली जाते, कुणीतरी टाचणी आणून देतो, नॉझलमध्ये ती फिरवली जाते आणि दोन मिनिटांपूर्वी जी गन फक्त तुंबलेली होती ती आता खरोखरच बिघडते. माझेही सुरुवातीला हेच होत असे. एका वर्षी चतुर्थीला सहा दिवस उरलेले असताना दीड फुटांच्या शाडूच्या मूर्तीच्या कानावर छटा देत होते आणि दर दोन-तीन फवाऱ्यांनंतर एक पाणेरी थेंब सुटत होता. मी नॉझल बदलले, मग त्याच्या आत बसणारी, रंगाची वाट उघडझाप करणारी सुई बदलली, मग रंग फेकून दुसरा कालवला, तरी फरक पडेना. शेवटी आमच्या मालकांनी काही न बोलता कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा स्क्रू सैल केला आणि चहाचा ग्लास भरेल एवढे गंजकट पाणी फरशीवर आले. गनमध्ये दोष नव्हताच. त्या दिवसापासून मी एअरब्रश शेवटी उघडते. आधी हवा, मग रंग आणि त्यानंतरच सुई-नॉझल असा माझा क्रम ठरलेला आहे, आणि तो का पाळावा हे खाली लिहिले आहे.

पाण्याची परीक्षा

गन थुंकू लागली की कपातला रंग काढून घ्यावा, कप एकदा धुवावा आणि त्यात स्वच्छ साधे पाणी घालून काळ्या किंवा गडद कागदावर फवारा मारावा. या एका कृतीने निम्मे निदान होते. पाण्याचा फवारा बारीक, सलग आणि सरळ येत असेल, तर गन निर्दोष आहे आणि दोष रंगात किंवा दाबाच्या मापात आहे. पाणीही थेंबाथेंबाने उडत असेल किंवा फवारा एका बाजूला कलत असेल, तर दोष हवेत किंवा सुई-नॉझलमध्ये आहे. त्यानंतर कप पूर्ण रिकामा करून, ट्रिगर फक्त खाली दाबून (खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग), स्वच्छ आरशावर वीतभर अंतरावरून मिनिटभर नुसती हवा सोडावी. आरशावर पाण्याचे ठिपके दिसले तर ओलावा लाईनमधून येतो आहे, आणि बोट फिरवल्यावर चिकट पट्टा उमटला तर हवेबरोबर तेलही येत आहे. या दोन परीक्षांना पाच मिनिटेही लागत नाहीत आणि दोन्हींमध्ये एकही पेच सैल करावा लागत नाही.

पावसाळ्यातील हवा आणि पाणी

मुंबईत मूर्तींच्या रंगकामाचा मुख्य काळ जून ते ऑगस्ट असा असतो आणि नेमकी तेव्हाच हवा सर्वांत दमट असते. जुलैत आर्द्रता सर्रास पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर राहते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे आपल्या पावसाळी हवेत ते साधारण २५-२६ ग्रॅम असतेच. कॉम्प्रेसर ही हवा दाबून टाकीत भरतो. मापकावर चार किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला चार किलो) दाब दिसत असेल, तर पाच घनमीटर हवा एका घनमीटरच्या जागेत कोंबलेली असते. परंतु त्या जागेत, हवा निवल्यावर, बाष्प मात्र पूर्वीइतकेच म्हणजे ३० ग्रॅम मावते. पाच घनमीटरांतले बाष्प मिळून सुमारे १३० ग्रॅम असते, त्यातल्या उरलेल्या शंभर ग्रॅमचे पाणी होते. थोडक्यात, आत घेतलेल्या प्रत्येक घनमीटर हवेमागे सुमारे वीस ग्रॅम पाणी सुटते. मिनिटाला वीस-पंचवीस लिटर हवा ओढणारा लहान कॉम्प्रेसर दिवसभरात थांबत-थांबत तीन तास चालला, तरी टाकीत संध्याकाळपर्यंत अर्धी वाटी पाणी साचते. ते काढले नाही तर दुसऱ्या दिवशी त्यात आणखी अर्ध्या वाटीची भर पडते, आणि आठवड्याअखेरीस ते हवेबरोबर पाइपात शिरू लागते. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

म्हणून टाकीखालचा निचऱ्याचा स्क्रू पावसाळ्यात रोज, आणि काम जोरात असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही, टाकीत थोडा दाब असतानाच हळूहळू सैल करावा. दाब पूर्ण भरलेला असताना स्क्रू एकदम काढू नये, कारण तो हातातून उडतो. पाणी संपून कोरडी हवा फुस्सकन येऊ लागली की तो पुन्हा आवळावा.

यापुढचा मुद्दा वॉटर ट्रॅपचा, म्हणजे हवेच्या वाटेत पाणी अडवणाऱ्या बाटलीचा. अनेकांची समजूत अशी की रेग्युलेटरला (दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाला) काचेची बाटली लावलेली आहे, तेव्हा पाण्याचा प्रश्न मिटला. ट्रॅप पाण्याचे थेंब पकडतो. बाष्प पकडत नाही. बिनटाकीच्या कॉम्प्रेसरमधून हवा गरम बाहेर पडते, ट्रॅपमधून ती बाष्पासकट निघून जाते आणि पुढच्या दोन-तीन मीटर पाइपात निवता निवता तिचे पाणी होते, म्हणजे ट्रॅपच्या पुढे, थेट गनच्या तोंडाशी. उपाय असा की हवेला आधी निवू द्यावे आणि मग ट्रॅप लावावा. आमच्याकडे कॉम्प्रेसरपासून गुंडाळीचा लांब पाइप घेतला आहे, तो खिळ्यावर टांगला आहे, ट्रॅप पाइपाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याच्यापुढे जेमतेम हातभर पाइप गनपर्यंत जातो. पाइप जमिनीवर लोळत ठेवला की त्याच्या खालच्या वळणात पाणी साचून राहते आणि कुणाचा पाय लागला की ते एकदम पुढे सरकते. ‘सकाळपासून बरे चालले होते आणि अचानक भसकन पाणी आले’ या तक्रारीमागे बहुतेकदा असेच लोळते वळण असते. गनच्याच मुठीखाली बसणारा लहान ट्रॅपही मिळतो. तो बारीक कामाला शेवटचा पहारेकरी म्हणून चांगला आहे, मात्र त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये, कारण तो चमचाभर पाण्याने भरतो.

तेलाचे कारण वेगळे आहे. कित्येक कारखान्यांत अजूनही जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून त्यालाच नळी जोडलेली असते. त्याचा आवाज होत नाही हा गुण खरा, पण तो स्वतःच्या तेलात चालतो आणि हवेबरोबर तेलाची वाफ सोडत राहतो. अशा हवेने मारलेला रंग पृष्ठभागावर ठिकठिकाणी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे दिसतात. नॉझल कितीही धुतले तरी हे खळगे जात नाहीत. तेल अडवणारी गाळणी लावावी, किंवा ते यंत्र बेस मारणाऱ्या मोठ्या गनपुरते ठेवून छटांसाठी बिनतेलाचा कॉम्प्रेसर वापरावा. माझे मत विचाराल तर दुसराच मार्ग स्वस्त पडतो.

मूर्तिशाळेत एक कारण असे असते जे इतर एअरब्रश वापरणाऱ्यांना सहसा भेटत नाही, आणि ते म्हणजे धूळ. प्लास्टरच्या मूर्तींना पॉलिश पेपर मारला जातो तेव्हा पांढरी भुकटी सगळीकडे उडते आणि कॉम्प्रेसरच्या हवा ओढण्याच्या तोंडावरचा स्पंज त्या भुकटीने गच्च होतो. दाब भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, यंत्र तापते, तापल्यामुळे बाष्प आणखी पुढे जाते. स्पंज काढून साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा आणि कॉम्प्रेसर घासकामापासून शक्य तितका दूर, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. कपावर झाकण ठेवण्याची सवयही त्याच कारणासाठी लावून घ्यावी.

दाब मोजताना एक चूक नेहमी होते. गन बंद असताना मापकावर दिसणारा आकडा खरा नसतो. ट्रिगर दाबून हवा सुटत असतानाचा आकडा पाहावा, कारण हवा वाहू लागली की काटा चार-पाच पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) तरी खाली येतो, आणि पाइप लांब व बारीक असेल तर त्याहूनही अधिक. बारीक छटांना १५ ते २० पीएसआय, म्हणजे आमच्या भाषेत एक ते दीड किलोच्या दरम्यान, पुरेसे होते. दाट रंगाचा भराव करायचा असेल तर २५ ते ३० पीएसआयपर्यंत जावे लागते. टाकी नसलेल्या कॉम्प्रेसरवर फवारा हृदयाच्या ठोक्यांसारखा लहान-मोठा होतो. तो दोष गनचा नसतो. मध्ये लहानशी टाकी जोडली की तो थांबतो.

रंग: दूध की ताक

पाण्याचा फवारा उत्तम आला आणि रंगाचा येत नसेल, तर प्रश्न दाटपणाचा आहे. एअरब्रशमध्ये रंग ढकलला जात नाही. नॉझलच्या टोकाभोवतून हवा वेगाने निघते, तिथला दाब कमी होतो आणि रंग त्या ओढीने बाहेर खेचला जातो. दाट रंगाला ही ओढ पुरत नाही. कपाच्या आतल्या भिंतीवर ब्रशने रंग वर ओढावा आणि तो खाली कसा उतरतो ते पाहावे. दुधासारखा एक पातळ पापुद्रा मागे ठेवून सहज ओघळला तर ठीक. ताकासारखा गुठळ्या-गुठळ्यांनी थबकत उतरला तर अजून पातळ करावा. पाण्यासारखा निथळून भिंत स्वच्छ दिसू लागली तर जास्त पातळ झाला आहे, आणि असा रंग मूर्तीवर पडताच हवेच्या झोताने चहूबाजूंना कोळ्याच्या पायांसारखा पळतो. असे पाय फुटू लागले तर ट्रिगर कमी ओढावा, दाब उतरवावा आणि हात थोडा मागे घ्यावा. एवढ्याने भागले नाही तर कपात थोडा मूळ रंग घालावा.

अॅक्रिलिक रंग निव्वळ पाण्याने फार पातळ केला, तर त्यातला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट घटक, इतका विरळ होतो की वाळल्यावर रंग बोटाला भुकटीसारखा लागतो. म्हणून थोडे पाणी आणि थोडे अॅक्रिलिक मीडियम (बिनरंगाचा तोच बाइंडर) असे मिश्रण करावे. गाळणे तर प्रत्येक रंगाला आवश्यक आहे, मग तो बाटलीतला ‘तयार’ रंग का असेना, कारण बाटलीच्या गळ्याशी वाळलेली खपली झाकण उघडताना आत पडते. चहाची गाळणी पुरत नाही. तिच्यावर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून बांधावा.

मोतिया रंगाने, म्हणजे पर्ल पावडरने, नवशिक्यांना सर्वाधिक रडवले आहे. पितांबर आणि शेल्यावर ती झळाळी सगळ्यांना हवी असते. पण ही पावडर अभ्रकाच्या पापुद्र्यांची असते, नेहमीच्या प्रतीत ते पापुद्रे साधारण १० ते ६० मायक्रॉनांचे असतात, आणि ०.२ मिलिमीटरच्या, म्हणजे २०० मायक्रॉनांच्या छिद्रात सुई असताना उरणाऱ्या चिंचोळ्या फटीत असे चार-पाच पापुद्रे आडवे आले की वाट बंद होते. या रंगाला ०.५ चे नॉझल घ्यावे. पापुद्रे जड असल्याने तळाशी बसतात, त्यामुळे पाच-सात मिनिटांनी कपातला रंग ब्रशने ढवळावा, आणि काम थांबले तर कप भरलेला ठेवून चहाला जाऊ नये. गेरू, हळद यांसारखे नैसर्गिक रंगही याच कारणासाठी त्रास देतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये नैसर्गिक आणि पाण्यात विरघळणाऱ्या रंगांचा पुरस्कार केला, तेव्हापासून शाडूच्या मूर्तींवर असे रंग मागणारी गिऱ्हाइके वाढली आहेत. बाजारातला गेरू एअरब्रशसाठी दळलेला नसतो. तो खलात पाण्याबरोबर घोटून, भांड्यात दोन-तीन मिनिटे निवळू देऊन, वरचा गढूळ भागच वापरावा आणि तळाचा रवाळ गाळ हाताच्या ब्रशकामाला ठेवावा.

आता सुईच्या टोकावर वाळणाऱ्या रंगाविषयी. दोन-तीन मिनिटे फवारा छान येतो, मग बारीक होत जातो आणि ट्रिगर आणखी ओढला की एकदम थेंब सुटतो. हे लक्षण दिसले की समजावे, टोकावर रंगाची टोपी बसली आहे. पाण्याचे रंग लवकर वाळतात आणि टोकाशी हवेचा झोत असतोच, तेव्हा हे होणारच. पाण्याने भिजवलेला मऊ ब्रश हाताशी ठेवून टोक अधूनमधून पुसून घ्यावे. बोटांनी सुई चिमटून पुसणारे अनेक आहेत. ती सवय सोडावी, कारण सुई बोटात शिरते आणि टोक वाकते. रंगात वाळण्याची गती कमी करणारे रिटार्डर किंवा ग्लिसरिनचा एखादा थेंब घातल्यास फायदा होतो. तो थेंब एकच असावा, कारण मुंबईच्या जुलैत मुळातच काही वाळत नाही आणि ग्लिसरिन जास्त झाले तर मूर्ती दुसऱ्या दिवशीही हाताला चिकट लागते. टोकाला रंग वाळतो आणि मूर्तीवर मात्र वाळत नाही, ही पावसाळ्यातली आमची खरी अडचण आहे. पेडेस्टल पंख्याचा झोत थेट गनवर येत असेल तर तो आधी वळवावा. मूर्ती वाळवण्यासाठी लावलेला पंखा टोकावरचा रंगही वाळवतो, आणि फवारा वाटेतच सुकून मूर्तीवर खरखरीत कणांसारखा बसतो.

गन उघडण्याची वेळ

इथपर्यंत सर्व तपासून झाले आणि तरी पाण्याचाच फवारा बिघडलेला असेल, तरच गन उघडावी. उघडण्यापूर्वी एक पांढरी थाळी किंवा ताट समोर घ्यावे आणि मोरीपाशी हे काम कधीही करू नये. ०.२ चे नॉझल ज्वारीच्या दाण्याएवढे असते आणि ते मोरीच्या जाळीतून सहज जाते. आमच्या मोरीने अशी तीन नॉझले घेतली आहेत.

कपात बुडबुडे येत असतील तर हवा उलटी रंगाच्या वाटेत शिरते आहे. नॉझलवरची पुढची टोपी सैल असेल, नॉझलच्या बुडाशी फट असेल, नॉझलला चीर गेली असेल, किंवा टोपीचे तोंडच वाळलेल्या रंगाने बुजले असेल. यांपैकी एक कारण नक्की सापडते. टोपी हाताने आवळून पाहावी, मग तिच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवून हवा सोडावी. फेस जिथे फुगतो तिथे फट आहे. पेचाच्या नॉझलच्या आट्यांवर मधमाशीच्या मेणाचा अगदी बारीक लेप दिला की ही फट बंद होते. तिथे टेफ्लॉन टेप लावू नये. तिचे धागे तुटून आत जातात आणि नवे तुंबणे सुरू होते. टेपची जागा पाइपाच्या जोडांवर आहे. नॉझल आवळताना बोटांच्या जोरावर बसवून नंतर पान्ह्याने अगदी हलका स्पर्श द्यावा. बारीक आटे जोर लावल्यास आतच तुटतात आणि मग तुटलेला तुकडा काढणे हे वेगळेच संकट होते.

सुई काढताना मागचा नट सैल करून ती सरळ मागे ओढावी, आणि नॉझल सुईच्या आधी कधीही काढू नये, नाहीतर उघडे पडलेले टोक हमखास कशाला तरी लागते. काढलेली सुई उजेडात धरून अंगठ्याच्या नखावर अलगद फिरवत ओढावी. वाकलेले टोक नखाला गळासारखे अडकते. फवारा सतत एका बाजूला जात असेल तर कारण बहुधा तेच असते. सौम्य वाक असेल तर काचेच्या तुकड्यावर सुई आडवी ठेवून, फिरवत-फिरवत आपल्याकडे ओढत, वरून बोटाने हलका दाब देऊन सरळ करता येते. पाण्यासोबत वापरायच्या बारीक पॉलिश पेपरवर शेवटी दोन-तीन फेऱ्या दिल्या की टोक गुळगुळीत होते. टोक फार वाकले असेल तर ती सुई बाजूला ठेवावी, कारण गळासारखे टोक पुढे ढकलताना नॉझलचे तोंडही फाडते.

वाळलेला अॅक्रिलिक नॉझलमधून काढण्यासाठी ते एकटेच, काचेच्या लहान बाटलीच्या झाकणात, दहा-पंधरा मिनिटे अॅसिटोनमध्ये ठेवावे आणि मग सुईच्याच मागच्या जाड बाजूने नव्हे, तर दातांच्या फटी साफ करायच्या बारीक ब्रशने किंवा नायलॉनच्या धाग्याने स्वच्छ करावे. टाचणी, साडीची पिन, शिवणाची सुई या सर्व गोष्टी निषिद्ध आहेत, कारण पितळेचे तोंड मऊ असते आणि एकदा रुंदावले की सुई ते पूर्ण बंद करू शकत नाही. पूर्ण गन रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवण्याची पद्धतही तितकीच घातक आहे. आतल्या रबरी रिंगा फुगतात आणि सकाळी हवा ट्रिगरखालून गळू लागते. अॅसिटोन आणि थिनर हाताळताना मांडवात उदबत्ती, निरांजन किंवा विडी पेटती असू नये, एवढे वेगळे सांगायला नको. तरी सांगते, कारण मूर्तिशाळेत उदबत्ती असतेच.

ट्रिगर मागे ओढला आणि रंगच आला नाही, तर सुई धरणारा मागचा नट सैल राहिलेला असतो. ट्रिगर मागे जातो, सुई जागच्या जागी राहते. साफसफाईनंतरच्या निम्म्या ‘बिघाडां’चे कारण हा विसरलेला नट असतो, आणि गंमत म्हणजे तो कुणीही कबूल करत नाही. याउलट नुसती हवा दाबताच रंगही येत असेल, तर सुई नॉझलमध्ये पूर्ण बसलेली नसते. ती हलक्या हाताने टेकेपर्यंत पुढे सरकवून मग नट आवळावा. रंग मागे ट्रिगरकडे झिरपत असेल तर सुईभोवतीचे पॅकिंग झिजलेले आहे. ते मागून बारीक पेचकसाने पाव फेरा आवळावे आणि ट्रिगर सोडल्यावर स्वतःहून पुढे येतो का ते पाहावे. जास्त आवळले तर तो अडकतो. ट्रिगर जड जात असेल तर सुईला ग्लिसरिनचा पुसट हात द्यावा. शिलाई मशीनचे तेल किंवा खोबरेल लावले तर तेच तेल रंगात उतरते आणि वर सांगितलेले माशाचे डोळे पुन्हा दिसू लागतात.

इतके करूनही पाण्याचा फवारा थेंबाथेंबानेच येत राहिला, तर नॉझल भिंगाखाली पाहावे. तोंडाशी केसासारखी चीर दिसेल, किंवा गोल छिद्र अंड्यासारखे लांबट झालेले दिसेल. याला दुरुस्ती नाही, नवे नॉझल घ्यावे लागते. घेताना फक्त ‘०.३ द्या’ असे म्हणून भागत नाही, कारण एका कंपनीचे ०.३ दुसऱ्या कंपनीच्या गनमध्ये बसेलच असे नाही, आणि नॉझलचे माप बदलले तर सुई व टोपीही त्याच मापाची घ्यावी लागते. मोबाइलवरचा फोटो दाखवून आणलेली नॉझले मी दोनदा परत केली आहेत. आता जुने नॉझल आणि सुई रिकाम्या औषधाच्या बाटलीत कापसात ठेवून बरोबर नेते, दुकानातच नव्या नॉझलमध्ये माझी सुई घालून टोक किती बाहेर येते ते पाहते, आणि त्याच फेरीत मुंबईतल्या हार्डवेअर बाजारातून, नागदेवी स्ट्रीटवरून, पाइपाचे जोड, वायसर आणि एखादी जादा रबरी रिंग घेऊन येते. जुने नॉझल फेकत नाही. बारीक छटांना ते निरुपयोगी असले, तरी पाटाच्या कडेवरचा रंग त्याने अजून दोन हंगाम तरी मारता येतो.